न बोलता थांबणारा सदस्य : एका छोट्या जिमच्या ग्राहकसेवेच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून जिमच्या ग्राहकसेवेचे काम प्रकल्प म्हणून हाती घेतले. जिम लहान आहे. वजनांचा एक भाग, कार्डिओची मोजकी यंत्रे, सकाळ-संध्याकाळच्या बॅचसाठी एकेक प्रशिक्षक, रिसेप्शनवर एक ताई आणि सफाईला एक मावशी एवढाच पसारा आहे. मालक स्वतः संध्याकाळी हजर असतात. पहिल्या बैठकीत त्यांनी नवी यंत्रे, रंगरंगोटी आणि सवलतीच्या योजना सुचवल्या. या तिन्ही गोष्टी प्रकल्पाबाहेर ठेवाव्यात असे मी मांडले आणि चर्चेनंतर ते मान्य झाले. यंत्रांच्या बाबतीत मोठ्या जिमशी बरोबरी करणे छोट्या जिमला परवडणारे नाही. मात्र दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला नावाने ओळखणे आणि त्याचा गुडघा दुखतो की खांदा हे लक्षात ठेवणे इथे शक्य आहे, आणि सेवेची सुधारणा त्या शक्यतेवरच उभी करायला हवी.

प्रकल्पाचा मुख्य प्रश्नही आज ठरवला. जो सदस्य तक्रार करतो तो आपल्याला दिसतो, त्याच्याशी बोलता येते, प्रसंगी त्याची क्षमा मागता येते. जो काहीही न बोलता आठवड्यातून चारऐवजी दोनदा येऊ लागतो, मग एकदा, आणि मग येतच नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे सध्या कोणतीही व्यवस्था नाही. नोंदवहीत नाव, फी भरल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख एवढेच रकाने आहेत. त्यामुळे सदस्य गेल्याचे मुदत संपल्यावर कळते आणि तोवर त्याने येणे केव्हाच सोडलेले असते. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबच्या ७,७०० हून अधिक सदस्यांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मासिक करारावरील सदस्याची शेवटची हजेरी आणि करार रद्द होणे यांत सरासरी दोन महिन्यांहून अधिक अंतर पडते. महिन्याला ७० डॉलरहून अधिक फी भरणारे हे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. हिशेबाच्या वहीत हे दोन महिने उत्पन्न म्हणून दिसतात. सेवेच्या दृष्टीने मात्र सदस्याशी बोलण्याची वेळ नेमकी त्याच काळात निसटते.

पहिला निर्णय असा, की फीच्या वहीइतकेच महत्त्व हजेरीच्या वहीला द्यायचे. ताईंनी ही वही प्रत्येक सदस्याच्या ओळीसमोर आठवड्यांचे चौकोन आखून तयार केली, जेणेकरून रिकामे चौकोन पान उलटताच डोळ्यांत भरतील.

१० जानेवारी

संध्याकाळच्या गर्दीत वजनांच्या भागात थांबून केवळ निरीक्षण केले. सदस्य एका व्यायामाकडून दुसऱ्याकडे जाताना किती थांबतात आणि थांबलेले असताना काय करतात, एवढेच पाहायचे होते. बेंच प्रेसजवळ सर्वांत जास्त खोळंबा होतो. वाट पाहणारे तीन प्रकारांनी वागतात: काही जण सरळ विचारतात, काही जण फोन काढून बसतात आणि त्यामुळे आणखी एक जागा अडते, आणि काही जण, विशेषतः नवे सदस्य, तो व्यायाम सोडून देऊन घरी जातात. या तिसऱ्या गटाने मला सर्वांत अस्वस्थ केले, कारण त्यांच्यापैकी कोणीही रिसेप्शनवर थांबून काही बोलले नाही.

गर्दीबद्दल मालकांचे मत असे, की जागा वाढवल्याशिवाय उपाय नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो: एखाद्या ठिकाणी सरासरी किती माणसे असतील, हे त्यांच्या येण्याचा वेग आणि प्रत्येकाच्या थांबण्याचा सरासरी काळ यांच्या गुणाकाराने ठरते. समजा, तासाला ३० सदस्य येतात आणि प्रत्येक जण सरासरी ८० मिनिटे थांबतो, तर आत सरासरी ४० जण असणार. थांबण्याचा काळ ६० मिनिटांवर आला तर एकही सदस्य कमी न होता ही संख्या ३० होते. कोणाच्या व्यायामाची वेळ कापण्याची गरज नाही, कारण त्या ८० मिनिटांतला बराच भाग वाट पाहण्यातच जातो. आतली गर्दी वाढली की वाट पाहणे वाढते आणि वाट पाहणे वाढले की गर्दी वाढते. हे चक्र तोडण्याची जागा प्रशिक्षकाच्या हातात आहे. बेंच अडलेला असेल तर तोच स्नायू जमिनीवर पडून डंबेल्सने कसा करायचा, रॅक मोकळा नसेल तर छातीशी डंबेल धरून स्क्वॉट कसे करायचे, हे गर्दीच्या तासात स्वतःहून जाऊन सांगणे हे प्रशिक्षकाचे काम म्हणून लिहून ठेवले.

ट्रेडमिलसाठी भिंतीवर एक पाटी लावली. गर्दीच्या वेळी प्रत्येकी २५ मिनिटे आणि पुढच्याचे नाव पाटीवर, इतकाच नियम आहे. डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना म्हटले होते, की किती वेळ लागेल हे ठाऊक नसलेली प्रतीक्षा ठाऊक असलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब भासते आणि अन्यायकारक वाटणारी प्रतीक्षा तर अधिकच लांब भासते. पाटीमुळे यंत्रांची संख्या वाढणार नाही. पण आपला क्रमांक कितवा आहे हे दिसेल आणि ओळखीच्या माणसाला मध्ये घेतले जाणार नाही.

१४ जानेवारी

तक्रारींचा माग काढला. तक्रार नेमकी कोणाकडे करायची हे आजवर ठरलेलेच नव्हते. सदस्य सेटच्या मध्येच प्रशिक्षकाला सांगतो की केबलच्या यंत्राची पिन अडकते. प्रशिक्षक मान डोलावतो. त्याची पाळी संपते. दुसऱ्या बॅचच्या प्रशिक्षकापर्यंत निरोप पोहोचत नाही. सदस्याच्या दृष्टीने त्याने जिमला सांगितलेले असते आणि जिमने दुर्लक्ष केलेले असते. तीच तक्रार दुसऱ्यांदा सांगावी लागली की तिचा सूर बदलतो, आणि तिसऱ्यांदा बहुतेक लोक सांगत नाहीत.

नवी पद्धत अशी: ज्याच्या कानावर तक्रार पडेल त्यानेच ती त्याच दिवशी रिसेप्शनवरील वहीत लिहायची, मग ती त्याच्या कामाशी संबंधित असो वा नसो. वहीत चार रकाने आहेत. तक्रार काय, सांगणारा कोण, जबाबदारी कोणाची आणि सदस्याला उत्तर कधी दिले. चौथा रकाना दुरुस्तीच्या तारखेचा नाही, उत्तराच्या तारखेचा आहे, आणि हा फरक मी बैठकीत मुद्दाम समजावून सांगितला. सुटा भाग यायला दोन आठवडे लागू शकतात, ते आपल्या हाती नाही. भाग मागवला आहे आणि अमुक आठवड्यात येण्याची अपेक्षा आहे, हे दुसऱ्या दिवसापर्यंत सांगणे पूर्णपणे आपल्या हाती आहे.

१५ जानेवारी

‘बंद आहे’ एवढेच लिहिलेले कागद यंत्रांवरून काढले. नव्या पाटीवर बिघाड कोणता, केव्हापासून, दुरुस्ती अपेक्षित केव्हा आणि तोवर कोणता पर्यायी व्यायाम करता येईल, हे लिहायचे आहे. मजकूर सकाळच्या प्रशिक्षकांनी लिहिला आणि तो अतिशय चांगला उतरला आहे.

२१ जानेवारी

नव्या सदस्याच्या पहिल्या दिवसावर आजचा बहुतेक वेळ गेला, आणि माझ्या मते या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. वर्षाच्या सुरुवातीला नव्या सदस्यांचा ओघ असतो. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांच्या २०१४ मधील संशोधनात आठवडा, महिना, वर्ष अशा नव्या सुरुवातीच्या टप्प्यांवर जिममधील हजेरी वाढत असल्याचे दिसले होते. हा उत्साह जिमने निर्माण केलेला नसतो, तो सदस्य घरून घेऊन आलेला असतो. तो टिकेल अशी वागणूक देणे एवढे जिमच्या हाती आहे.

आजवरची पद्धत अशी होती, की फी घ्यायची, पावती द्यायची आणि प्रशिक्षकाकडे बोट दाखवायचे. प्रशिक्षक त्या वेळी इतर सदस्यांमध्ये गुंतलेला असे. नवा माणूस आपण काय करायचे आहे हे ठाऊक नसताना, सगळे आपल्याकडे पाहत आहेत अशा भावनेने कुठेतरी उभा राही. ज्यांनी अनेक वर्षे व्यायाम केला आहे त्यांना त्या उभे राहण्यातला संकोच आठवत नाही, म्हणून तो संकोच सेवेच्या आराखड्यात लिहून ठेवावा लागतो.

आता पहिला दिवस वेळ ठरवूनच द्यायचा आणि तो गर्दीच्या तासात द्यायचा नाही. आधी आरोग्याची प्रश्नावली भरून घ्यायची. अनेक देशांत वापरली जाणारी पीएआर-क्यू ही सात प्रश्नांची यादी साधी आहे: हृदयविकार सांगितला गेला आहे का, व्यायाम करताना छातीत दुखते का, विश्रांतीतही कधी दुखले का, चक्कर येते का, हाडे किंवा सांधे यांचा त्रास आहे का, रक्तदाब किंवा हृदयासाठी औषध चालू आहे का आणि व्यायाम टाळावा असे आणखी काही कारण आहे का. कोणत्याही प्रश्नाला होकार आला तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन मगच सुरुवात करायची. हे सांगताना आपण दार बंद करत आहोत असे त्या माणसाला वाटू नये. म्हणून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून द्यायचे आणि सल्ल्यानंतरची भेटीची वेळ तिथेच ठरवायची.

त्यानंतर एक प्रश्न मोकळेपणाने विचारायचा: आठवड्यातून किती दिवस येणे आपल्याला खरोखर जमेल? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. म्हणजे जो माणूस आठवड्यातून दोनच दिवस जिमला येऊ शकतो आणि उरलेल्या दिवशी भराभर चालतो, तोही उत्तम करत आहे. सहा दिवसांचे वेळापत्रक हातात ठेवले की तिसऱ्या आठवड्यात त्याला आपण अपयशी ठरल्यासारखे वाटते, आणि अपयशाची जागा टाळणे माणसाला सोपे जाते. दोन दिवसांचे वेळापत्रक देणे हा आळस नाही, हे संध्याकाळच्या प्रशिक्षकांना पटायला थोडा वेळ लागला. ते स्वतः कठोर शिस्तीने व्यायाम करतात आणि प्रत्येकाकडून तीच अपेक्षा प्रामाणिकपणे ठेवतात. त्यांचा तो प्रामाणिकपणा योग्य दिशेने लागावा एवढेच हवे आहे.

२३ जानेवारी

पहिल्या दिवसानंतरच्या भेटींचे वेळापत्रक ठरवले. तिसऱ्या हजेरीला प्रशिक्षकाने वजने आणि पवित्रा तपासायचा, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कोणता व्यायाम आवडत नाही हे विचारायचे, सहाव्या आठवड्यात वेळापत्रक बदलून द्यायचे आणि तिसरा महिना पूर्ण होताना सविस्तर बसून बोलायचे. शेवटची भेट इतकी उशिरा ठेवण्यामागे कारण आहे. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी दैनंदिन कृती आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले आणि व्यक्तीव्यक्तींमधील अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते. एकवीस दिवसांत सवय लागते हे भिंतीवर लिहिलेले वाक्य म्हणूनच काढून टाकावे असे सुचवले, कारण बाविसाव्या दिवशी ज्याला सवय लागलेली नसते तो दोष स्वतःकडे घेतो.

२९ जानेवारी

गैरहजर सदस्यांशी संपर्क कसा साधायचा यावर प्रदीर्घ चर्चा झाली. ताईंची शंका रास्त होती: न आल्याबद्दल फोन केला तर लोकांना पाळत ठेवल्यासारखे वाटेल. त्यांनी मांडलेल्या अडचणीमुळेच नियम अधिक चांगले झाले.

संपर्क साधावा की नाही आणि कसा साधावा, हे सदस्यालाच नोंदणी अर्जावर विचारायचे. ज्यांनी नको म्हटले त्यांना कोणत्याही परिस्थितीत फोन करायचा नाही. सलग दोन आठवड्यांचे चौकोन रिकामे दिसले की ज्या प्रशिक्षकाने त्या सदस्याला शिकवले आहे त्यानेच संदेश पाठवायचा, कारण अनोळखी नंबरवरून आलेला संदेश वसुलीचा वाटतो. संदेशात फीचा, मुदतीचा किंवा योजनेचा उल्लेख नसावा. ‘का आला नाहीत’ असे विचारायचे नाही, कारण त्या प्रश्नाला उत्तर देताना माणसाला कारण सादर करावे लागते, आणि कारण सादर करण्यापेक्षा तो उत्तरच देणार नाही. मसुदा असा ठरला: ‘नमस्कार, आपण मागच्या वेळी खांद्याचा जो व्यायाम बदलून घेतला होता, त्याने आराम पडला का? परत सुरू कराल तेव्हा वजन थोडे कमी ठेवूनच सुरू करू. वेळ बदलून हवी असल्यास जरूर कळवा.’ प्रत्येक संदेशात त्या सदस्याचा स्वतःचा एखादा तपशील असला पाहिजे. तो आठवत नसेल तर संदेश पाठवण्याआधी त्याची नोंद काढून वाचायची. उत्तर आले नाही तर पाठपुरावा करायचा नाही.

आजार, बाळंतपण, घरातील दुःख, नोकरी जाणे अशी कारणे यातून कळतील. ती नोंदवहीत लिहायची नाहीत. ‘काही काळ येणार नाहीत’ एवढे पुरेसे आहे.

४ फेब्रुवारी

सफाईचा आढावा घेतला. मावशी मनापासून काम करतात, पण जंतुनाशकाच्या बाटलीवरील सूचना त्यांना कोणी वाचून दाखवलेली नव्हती. फवारून लगेच पुसले तर जंतुनाशकाचा फारसा उपयोग होत नाही. बाटलीवर दिलेल्या मिनिटांपर्यंत पृष्ठभाग ओला राहावा लागतो आणि त्याआधी घाम व मळ पुसलेला असावा लागतो. तसेच यंत्राच्या पडद्यावर थेट फवारा न मारता कापडावर घेऊन पुसायचे, नाहीतर ओल आत जाते. सदस्यांनी स्वतः बेंच पुसावा ही अपेक्षा योग्य आहे, पण त्यासाठी कापड आणि बाटली चार पावलांवर असायला हवी. आता ती प्रत्येक भागात ठेवली आहे.

११ फेब्रुवारी

सर्वेक्षण करावे का, हा विषय आला. फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेली पद्धत मालकांनी कुठेतरी वाचली होती: आमची शिफारस इतरांना कराल का, याला ० ते १० पैकी गुण द्यायचे, ९ आणि १० देणारे समर्थक, ० ते ६ देणारे असमाधानी, आणि दोन्हींच्या टक्क्यांतील फरक हा निर्देशांक. मोठ्या कंपन्यांना तो उपयुक्त असेल. आपल्याकडे समजा ४० जणांनी उत्तर दिले आणि त्यांतल्या एकाने ६ ऐवजी ९ दिले, तर निर्देशांक एकदम ५ अंकांनी हलतो. एका माणसाच्या मनःस्थितीने बदलणाऱ्या आकड्यावर निर्णय घेणे मला योग्य वाटत नाही, आणि जिथे प्रत्येक सदस्याशी प्रत्यक्ष बोलता येते तिथे आकडा मागण्याची गरजही नाही.

त्याऐवजी परशुरामन, झाइथॅमल आणि बेरी यांनी १९८८ मध्ये सेवेच्या गुणवत्तेसाठी मांडलेली पाच अंगे बोलण्याचा आराखडा म्हणून घेतली: डोळ्यांना दिसणारी व्यवस्था, शब्द पाळणे, तत्परता, विश्वास वाटेल असे ज्ञान आणि वागणे, आणि आपुलकी. प्रशिक्षकांनी सदस्यांशी बोलताना दोनच प्रश्न विचारायचे. गेल्या महिन्यात येथे कोणत्या गोष्टीसाठी थांबावे लागले? आणि असे काय आहे, जे विचारावेसे वाटले पण विचारले नाही? पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण लगेच उत्तर देतात. दुसऱ्याला थोडा वेळ लागतो, पण खरी माहिती तिथेच मिळते. एका ज्येष्ठ सदस्यांना यंत्रावरील बारीक अक्षरे दिसत नव्हती आणि ते अनेक महिने अंदाजाने वेग ठरवत होते. बटणांच्या शेजारी मोठ्या अक्षरांत चिकटपट्ट्या लावल्या. ट्रेडमिलची सुरक्षा-क्लिप कपड्याला कशी अडकवायची, हेही त्यांना त्याच वेळी प्रथमच दाखवले गेले.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्या प्रश्नातूनच एक गंभीर गोष्ट पुढे आली. काही महिला सदस्यांनी वजनांच्या भागात जाणे सोडले आहे, कारण तेथे न विचारता सल्ला देणारे आणि टक लावून पाहणारे लोक असतात. त्यांनी तक्रार केली नव्हती. त्यांनी आपला व्यायाम बदलला होता. यंत्राची तक्रार रिसेप्शनवरच्या उघड्या वहीत लिहिता येते, माणसाची तक्रार तशी लिहिता येत नाही, आणि कोणी ती तशी लिहावी अशी अपेक्षा ठेवणेही चुकीचे आहे.

अशा तक्रारी थेट मालक किंवा ताई यांच्याकडे, बंद दारामागे, आणि तक्रार करणारीचे नाव कोणालाही न सांगता घेतल्या जातील, हे चेंजिंग रूममध्ये लिहून लावले. संबंधित सदस्याशी मालक स्वतः आणि एकांतात बोलतील. पुन्हा घडले तर सदस्यत्व संपेल. जुना सदस्य असो, रोजचा असो, फी वेळेवर भरणारा असो, अपवाद केला जाणार नाही, असे त्यांनी बैठकीत स्पष्टपणे सांगितले आणि मला त्याचे मनापासून समाधान वाटले. न विचारता दुसऱ्याच्या व्यायामात सुधारणा सुचवू नये, धोका दिसल्यास प्रशिक्षकाला सांगावे, हाही नियम सर्वांसाठी केला. त्याच पाटीवर सेट आलटूनपालटून करणे, वापरल्यावर प्लेट्स रॅकवर ठेवणे आणि बेंचवर बसून फोनवर न बोलणे हे नियम आहेत, पण वर्तनाचा नियम सर्वांत वर आहे.

२६ फेब्रुवारी

सदस्यत्व थांबवणे आणि रद्द करणे. आजवर रद्द करण्यासाठी मालकांना प्रत्यक्ष भेटावे लागे आणि ते सदस्याला थांबण्याचा आग्रह करत. त्यामागे वाईट हेतू नव्हता, पण या भेटीच्या संकोचाने लोक कळवतच नाहीत. आता रिसेप्शनवर एका ओळीचा अर्ज पुरेल. आजारपण, परीक्षा किंवा प्रवास असेल तर मुदत गोठवता येईल, आणि त्यासाठी पुरावा मागितला जाणार नाही. याचा गैरफायदा घेतला जाईल अशी मालकांची चिंता आहे. थोडा घेतलाही जाईल. पण ज्याला सन्मानाने जाता आले, त्याला परत येताना कोणाची नजर चुकवावी लागत नाही, आणि एकाच परिसरातल्या जिमच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे.

५ मार्च

दोन ट्रेडमिल एकाच वेळी बंद पडल्या. तपासणीत पट्ट्याखाली वंगण कमी असल्याचे दिसले; घर्षण वाढले की मोटरवरचा भार वाढतो आणि यंत्र मध्येच थांबते. त्याच दिवशी सर्व सदस्यांना संदेश गेला, पाट्या लागल्या आणि जे प्रामुख्याने कार्डिओसाठीच येतात त्यांची मुदत तितक्या दिवसांनी वाढवण्यात आली, त्यांनी मागण्यापूर्वीच.

चूक नीट निस्तरली तर ग्राहक आधीपेक्षा अधिक समाधानी होतो, असा विचार सेवाक्षेत्रात १९९२ पासून मांडला जातो. त्यावर फार विसंबू नये असे मी बैठकीत सांगितले. मॅक्सहॅम आणि नेटेमेयर यांच्या २००२ मधील अभ्यासानुसार तेच दुसऱ्यांदा घडले की हा परिणाम टिकत नाही. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वंगण, पट्ट्याचा ताण, केबलच्या तारा आणि पिना तपासण्याचे काम नेमून दिले. केबलची एक जरी तार तुटलेली दिसली तरी यंत्र तत्काळ बंद करायचे, गर्दी असो वा नसो.

१२ मार्च

प्रथमोपचाराचे प्रशिक्षण सर्व कर्मचाऱ्यांना देण्यात आले, ताई आणि मावशी यांच्यासह. हृदय बंद पडल्यास मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल छाती दाबायची, हे हातांना सवयीचे झाले पाहिजे. आपत्कालीन क्रमांक आणि जिमचा पूर्ण पत्ता फोनजवळ लिहून ठेवला, कारण घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही.

२० मार्च

गेल्या काही आठवड्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा जाणवली. संध्याकाळी गर्दी सुरू होते तेव्हा ताई एकाच वेळी हजेरी घेतात, फोन उचलतात, फी स्वीकारतात, लॉकरची किल्ली देतात आणि चौकशीला आलेल्या माणसाला जिम दाखवतात. त्यात आपण तक्रारवही आणि गैरहजेरीची यादी यांची भर घातली. परशुरामन, झाइथॅमल आणि बेरी यांनीच १९८५ मध्ये सेवेतील ज्या दऱ्या दाखवल्या, त्यांत एक दरी कागदावरचे निकष आणि प्रत्यक्ष दिली जाणारी सेवा यांच्यामधली आहे. आणि ही दरी बहुतेक वेळा कर्मचाऱ्याच्या वृत्तीमुळे पडत नाही, तर त्याला वेळच न मिळाल्यामुळे पडते. ज्यांनी सदस्याकडे मान वर करून पाहावे अशी आपली इच्छा आहे, त्यांचे डोळे वहीतून निघतील अशी व्यवस्था आपणच करायला हवी.

म्हणून गर्दीच्या दोन तासांत फी घेणे आणि चौकशीच्या भेटी बंद केल्या; त्यांची वेळ दुपारी आणि सकाळी उशिरा ठेवली. किल्ल्या ताईंकडून काढून क्रमांकाच्या फळीवर टांगल्या. प्रशिक्षकांना पाळी बदलताना दहा मिनिटे एकत्र मिळतील अशी वेळ जोडली आणि त्या वेळेचा पगार देण्याचे मालकांनी मान्य केले. तक्रारवहीतील निरोप याच दहा मिनिटांत एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

३ एप्रिल

मुख्य कामांचा आढावा. तक्रारवहीत नोंदी वाढल्या आहेत. मालकांना प्रथम त्याची काळजी वाटली. मला ते चांगले लक्षण वाटते, कारण आधी याच गोष्टी हवेत विरून जात होत्या. जानेवारीत आलेल्या सदस्यांपैकी ज्यांच्या ठरलेल्या भेटी वेळेवर झाल्या, त्यांचे चौकोन अधिक सलग भरलेले दिसतात. मात्र ज्यांचा उत्साह मुळात टिकाऊ होता त्यांच्याच भेटी वेळेवर झाल्या असण्याची शक्यता आहे, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये असे नोंदवून ठेवतो. गैरहजेरीच्या संदेशांना अनेकांनी उत्तर दिले, काही परत आले, आणि एका सदस्याने आता येणे जमणार नाही असे कळवून सदस्यत्व रद्द केले. त्यांचे ते कळवणेही मी प्रकल्पाच्या यशातच धरतो.

खेळत्या हवेचा प्रश्न सुटलेला नाही. संध्याकाळी मागच्या भागात हवा कोंदट होते. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवणे हा तात्पुरता उपाय चालू आहे आणि बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्यासाठी जागेच्या मालकाची परवानगी मागितली आहे. सकाळच्या बॅचमध्ये सहाव्या आठवड्याच्या भेटी मागे पडल्या आहेत; त्या पुढील दोन आठवड्यांत पूर्ण करण्यासाठी संध्याकाळचे प्रशिक्षक दोन दिवस सकाळी येतील. हजेरीच्या वहीची तपासणी आजवर मी करत होतो, ती सोमवारपासून ताई करतील, आणि रिकाम्या चौकोनांची यादी त्या दर सोमवारी दुपारी दोन्ही प्रशिक्षकांच्या हाती देतील.